समाजशास्त्र घेऊन काय होणार?

बारावीचा निकाल लागला की भोर-वेल्ह्यातले पालक विचारतात, ‘सर, पोरगी समाजशास्त्र घेऊ म्हणतेय. करून काय होणार?’ मी खोटी आशा दाखवत नाही. दहावीपर्यंत शाळेत हा वेगळा विषयच नाही. मी स्वतः समाजशास्त्र स्पेशल (आता त्याला मेजर म्हणतात), पण पोट चालतं उर्दू-मराठीवर.

तरीही माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त उलथापालथ याच विषयाने केली. गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या पुस्तकात जातीची लक्षणं मांडली. वर्गात ती वहीत उतरवताना माझ्या डोळ्यांसमोर आमचाच मोहल्ला येत होता. आतारांची मुलगी आतारांत, तांबोळ्यांची तांबोळ्यांत. नमाजला सफ एक, सोयरिकीला मात्र दारं वेगळी. गावगाड्यातल्या बलुतेदारांच्या याद्यांत मुलाणीही सापडतो. घरी हे बोललो तर अब्बा तडकले, ‘इस्लाम में जात नहीं होती!’ ते दीनाबद्दल बोलत होते, मी माणसांबद्दल. दोघांचंही खरं होतं. पुढे इम्तियाज अहमद यांनी मुसलमानांतल्या जातींवर १९७३ साली संपादित केलेलं पुस्तक हाती आलं, तेव्हा हा प्रश्न एकट्या माझ्या डोक्यातला नाही हे कळून बरं वाटलं. अब्बांना ते दाखवलं नाही. चहा कडू झाला असता.

आमच्या भागाला हा विषय आणखी एका कारणाने लागू पडतो. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव. इथे धरणं मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. १२ जुलै १९६१ म्हटलं की पुण्यात घुसलेलं पाणी आठवतं. पण त्याच धरणासाठी उठलेल्या वेल्ह्यातल्या वाड्या किती जणांना आठवतात? इरावती कर्वे यांनी कोयनेच्या धरणग्रस्तांचा घरोघर जाऊन अभ्यास केला होता. तसं विचारत फिरणारं माणूस प्रत्येक खोऱ्याला हवं, आणि ते त्याच खोऱ्यातलं असेल तर लोक जास्त मोकळे बोलतात.

म्हणून वडिलांना सांगतो, सोबत मराठी किंवा उर्दू राहू द्या, बी.एड.चा रस्ता उघडा राहील. पुढे एम.ए. करून सेट-नेट आहे, एम.एस.डब्ल्यू. आहे. आणि मुलीला सांगतो, बेटा, प्रवेशाचं नंतर बघू. आधी आजीला विचार, तिचं माहेर कुठलं आणि ते गाव आता कुठे आहे. सांगेल ते लिहून आण.