वाऱ्याच्या काठी एक रात्र

आपल्या व्यापारी घरांना मुक्कामाची शिस्त नवी नाही. गुळाच्या, कापसाच्या, कापडाच्या पेठांतून फिरताना आपल्या आजोबा-पणजोबांनी किती रात्री धर्मशाळांत काढल्या असतील, याची गणती नाही. दारावरची पाटी वाचावी, मुनीमजींच्या वहीत नाव-गाव लिहावे, दिवा वेळेवर मालवावा आणि सकाळी खोली झाडून किल्ली परत करावी, हा परिपाठ त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. मागील वर्षी ऑगस्ट महिन्यात चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलो असता नदीकाठी तंबूत एक रात्र काढण्याचा योग आला. तेथे हाच परिपाठ निराळ्या वेषात पाहावयास मिळाला, म्हणून हे चार शब्द.

चिरंजीव ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहरी नोकरीस आहेत. तेथून पूर्वेस मोटारीने तासाभराच्या अंतरावर कोलंबिया नदीच्या काठी हूड रिव्हर नावाचे छोटे गाव आहे. विंडसर्फिंग करणाऱ्यांची ही जणू पंढरीच. पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर शीड बसविलेले असते. ते दोन्ही हातांनी तोलून वाऱ्याच्या बळावर धावायचे, असा हा खेळ. येथे वारा इतका का वाहतो, हे चिरंजीवांनी मला नीट समजावून सांगितले. कास्केड पर्वताची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली असून ही नदी तिला आरपार छेदून पश्चिमेस समुद्राकडे जाते. उन्हाळ्यात पूर्वेकडील कोरडा प्रदेश तापतो, तेथील हवा वर चढते, आणि तिची जागा घेण्यासाठी पॅसिफिक महासागरावरील थंड, जड हवा या एकाच खिंडीतून आत घुसते. म्हणजे पाणी वाहते पश्चिमेस आणि वारा वाहतो पूर्वेस. या दोघांच्या झुंजीमुळे लाटा उंच उठतात, आणि वारा जितका पुढे रेटतो तितके पाणी मागे ओढत असल्यामुळे खेळाडू फारसा दूर वाहून जात नाही.

आमचा मुक्काम होता व्हिएंटो राज्य उद्यानात. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘वारा’ असा होतो. परंतु गंमत अशी की, हे नाव वाऱ्यावरून पडलेलेच नाही. रेल्वेशी संबंधित व्हिलार्ड, एंडिकॉट आणि टॉलमन या तीन गृहस्थांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे.

आगाऊ आरक्षण न मिळाल्यास काय करावे, याची चर्चा आदल्या दिवशी घरी झाली होती. चिरंजीवांचे एक स्नेही म्हणाले, “गाव जवळच आहे. किनाऱ्यावरील वाहनतळावर गाडी लावा आणि गाडीतच झोपा, कोण पाहतो?” सूनबाईंनी हे साफ नाकारले. हूड रिव्हरचा तो किनारा तेथील बंदर-मंडळाच्या मालकीचा आहे. दिवसा तेथे कोणीही यावे, शीड उभारावे, खेळावे. मात्र रात्री मुक्काम करण्यास मनाई आहे. सूनबाई म्हणाल्या, “चार जणांनी चोरून मुक्काम केला की पाचव्या दिवशी फाटकाला कुलूप लागते, आणि मग दिवसा येणाऱ्या चारशे जणांची वाट बंद होते.” एका गिऱ्हाइकाच्या लबाडीमुळे सगळ्यांची उधारी बंद करणारे दुकानदार आपण पाहिलेले आहेत. त्यामुळे मला हे म्हणणे तत्काळ पटले. सुदैवाने एक जागा रिकामी झाली आणि प्रश्न मिटला.

उद्यानाच्या फलकावर नियम थोडक्यात दिलेले होते. रात्री दहा ते सकाळी सात शांततेची वेळ. या वेळेत जनित्र चालवू नये, वाद्य वाजवू नये. कुत्रा दोरीने बांधलेला असावा. सरपण दूरच्या गावाहून आणू नये, कारण लाकडातून कीड येते आणि नव्या जंगलास लागते. भांडी नदीत अथवा पिण्याच्या नळाखाली घासू नयेत. अन्न उघडे ठेवू नये. रानातील प्राण्यांना माणसाच्या अन्नाची चटक लागली की शेवटी नुकसान त्या प्राण्यांचेच होते.

न लिहिलेले नियम चिरंजीवांकडून कळले. जमिनीवर पसरलेल्या दुसऱ्याच्या शिडावर पाय देऊ नये. पाण्यात उतरण्याची वाट अडवून साहित्य जोडत बसू नये. फळी मोकळी सोडू नये. येथील वारा ती उचलून कोणाच्याही अंगावर फेकू शकतो. तंबूची प्रत्येक दोरी खुंटीला पक्की बांधावी. पाण्यावर कोणी दोन्ही हात डोक्यावर हलवीत असेल तर तो संकटात आहे असे समजावे आणि आपला खेळ सोडून मदतीस जावे. गव्हाने भरलेल्या बार्ज येथून पोर्टलंडकडे जातात. त्यांना चटकन थांबता वा वळता येत नाही, म्हणून वाट त्यांना द्यावी. मासेमारीच्या जाळ्यांपासूनही दूर राहावे.

जाळ्यांविषयीचा नियम मला विशेष वाटला. याकामा, वॉर्म स्प्रिंग्ज, उमाटिला आणि नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातींनी 1855 मध्ये केलेल्या करारांनुसार या नदीत मासे धरण्याचा त्यांचा हक्क राखलेला आहे. पुढे 1957 मध्ये डॅल्स धरणाच्या पाण्याखाली सेलिलो धबधबा बुडाला आणि हजारो वर्षांची त्यांची जागा नाहीशी झाली. आज नदीकाठी काही जागा केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या आहेत. तेथे पर्यटकाने तंबू ठोकू नये. आपणास जे क्रीडांगण वाटते ते दुसऱ्या कोणाचे घर व उदरनिर्वाहाचे साधन असू शकते, याची ही जाणीव आहे.

सर्वांत मोठा नियम मात्र अग्नीचा. त्या दिवशी फाटकावर लाल अक्षरांत पाटी होती की, शेकोटी व कोळशाची शेगडी यांना पूर्ण बंदी. केवळ बंद करता येणारी गॅसची शेगडी चालेल. सूनबाईंनी गॅसवरच खिचडी केली आणि सूर्यास्तापूर्वी आमचे जेवण आटोपले. अंधार पडू लागला तशी शेजारच्या जागेतील चार-पाच तरुणांनी कोळसे पेटविले. वारा अजून पडलेला नव्हता. ठिणग्या आमच्या तंबूवरून झाडांकडे जाताना दिसू लागल्या.

चिरंजीव उठले, तसा मीच त्यांना अडवून म्हणालो, “आपण बाहेरून आलेली माणसे. हे लोक इथलेच. आपण कशाला बोलायचे?” चिरंजीव म्हणाले, “बाबा, मी येथे कर भरतो, माझी मुलगी येथे झोपणार आहे. नियम सर्वांना लागू असेल तर तो सांगण्याचा अधिकारही सर्वांना असला पाहिजे.” ते गेले आणि हसतमुखाने दोन वाक्ये बोलून आले. “झालेच आता,” असे उत्तर मिळाले. दहा मिनिटे झाली. कोळसे तसेच धगधगत राहिले. तेव्हा ते उद्यानाच्या यजमानांकडे गेले.

हे यजमान म्हणजे सेवाभावी माणसे. राहण्यास जागा मिळते, त्या बदल्यात ती उद्यानाची देखरेख करतात. आमचे यजमान सत्तरीच्या घरातले होते. ते पाण्याची बादली घेऊन आले. आवाज चढविला नाही, की दंडाची भाषा केली नाही. ते एवढेच म्हणाले, “2017 साली मी याच काठावर होतो.” तरुणांनी निमूटपणे बादली घेतली आणि निखारे विझविले.

त्या वर्षीची हकीकत चिरंजीवांनी मला मागाहून सांगितली. 2 सप्टेंबर 2017 रोजी, आगीस मनाई असतानाच, ईगल क्रीकच्या दरीत एका पंधरा वर्षांच्या मुलाने शोभेची दारू पेटवून फेकली. दीडशेच्या आसपास पदभ्रमण करणारी माणसे डोंगरात अडकली आणि त्यांना रात्र तेथेच काढावी लागली. वाऱ्याने निखारे उडवून एवढी रुंद नदी ओलांडून पलीकडच्या वॉशिंग्टन राज्यातही आग लावली. सुमारे 48 हजार एकर वन त्या आगीच्या कक्षेत आले. न्यायालयाने त्या मुलास समाजसेवेची शिक्षा दिली आणि 3 कोटी 66 लाख डॉलरहून अधिक भरपाई त्याच्या नावे लिहिली. क्षणाचा खेळ आणि जन्माचे देणे! ज्या वाऱ्यासाठी माणसे जगभरातून येथे येतात, त्याच वाऱ्याचा हा दुसरा चेहरा.

रात्री दहानंतर सारे निवले. जवळून जाणाऱ्या मालगाड्या मात्र शिट्या वाजवीत होत्या. त्यांना शांततेचा नियम नसतो. माझी नात प्रत्येक गाडीचे डबे आवाजावरून मोजत झोपी गेली. सकाळी पाहतो तो, शेजारचे तरुण आपली जागा स्वच्छ करीत होते. विझलेला एकेक कोळसा त्यांनी पिशवीत भरला. त्यांपैकी एकाने चिरंजीवांना मानेनेच नमस्कार केला. अधिक काही बोलणे झाले नाही, आणि त्याची आवश्यकताही नव्हती.

परतीच्या वाटेवर वनखात्याचे एक लहान मुक्कामस्थळ पाहिले. तेथे ना कारकून, ना पहारेकरी. दारापाशी जाड लोखंडी नळी रोवलेली आणि शेजारी कागदी पाकिटे. आपण जागेचा क्रमांक लिहावा, पाकिटात रक्कम घालून ते नळीत टाकावे आणि फाडलेली चिठ्ठी खांबास लावावी. पैसे मोजून घेणारे समोर कोणी नाही. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या मला त्या नळीपुढे उभे राहून फार बरे वाटले. ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत, त्यांनी अशी एक रात्र अवश्य काढावी. जाताना फाटकावरची पाटी सर्वांत आधी वाचावी, मुलांनाही ती मोठ्याने वाचावयास लावावी, आणि निघताना जागेकडे एकवार मागे वळून पाहावे. आपण येथे राहून गेलो, याची खूण केवळ त्या नळीतल्या पाकिटात असावी.