रोहितच्या गुडघ्याएवढं

2024 च्या एप्रिलमधली गोष्ट. आठवडाभर रिलीजपायी रात्री जागवल्यावर शहाणा माणूस शनिवारी झोपतो. आम्ही दोघे मात्र पहाटे साडेतीनला पुण्याहून निघालो. सोलापूर रस्त्याने भिगवण, तिथून आत कुंभारगाव. उजनीचं बॅकवॉटर. (मित्राने वाटेत चहालासुद्धा थांबू दिलं नाही. त्याच्याकडे मोठी लेन्स आहे, माझ्याकडे उधारीची दुर्बीण. असो.)

होडीपर्यंत पोचायला गाळातून बरंच चालावं लागलं. 2023 च्या पावसाळ्यात धरण भरलंच नव्हतं, पेपरात साठा 'उणे' टक्क्यांत छापून येत होता. पाणी उणे कसं असतं, हा प्रश्न मलाही पडला होता. वापरायचा साठा संपून मृतसाठा सुरू झाला की आकडा उणे होतो, एवढंच.

पण पक्षी म्हणाल तर चंगळ! लाल काटक्यांवर उभे शेकाटे, चित्रबलाक, कपाळाला पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी. एका बदकाच्या चोचीच्या बुडाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग, म्हणून त्याचं नाव हळदीकुंकू. नावं ठेवावीत ती आपल्याच लोकांनी!

आणि मग रोहित. फ्लेमिंगो हो. होडीवाल्या मामांनी मोटर बंद केली आणि बांबूने होडी रेटत नेली. चार फुटांहून उंच पक्षी, पण जेवतो डोकं उलटं करून. चोच पाण्यात, जिभेचा पंप चालू, चोचीच्या कडेची जाळी गाळणीसारखी. पाणी बाहेर, खाणं आत. आमच्या सोसायटीतल्या प्युरिफायरपेक्षा बरं चालतं. फक्त त्याला उभं राहून चरायला पाणी उथळ हवं. धरण तुडुंब असेल तर पंचाईत.

"अजून वीतभर उतरलं की लई येतील बघा," मामा म्हणाले.

उतरू दे की मग! हे मी मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू?

मामांना विचारलं, तुम्हाला पाणी भरलेलं बरं की उतरलेलं? ते हसले. "भरलं तर ऊस, उतरलं तर तुम्ही." मग बांबूने खाली दाखवलं. त्यांच्या आज्याचं घर इथेच कुठेतरी पाण्याखाली आहे. 1980 मध्ये धरण झालं आणि भीमाकाठची गावं उठली. जुन्या पळसदेवचं देऊळ पाणी फार आटलं की वर येतं, त्या वर्षीही आलं होतं. घरं काही येत नाहीत.

तेवढ्यात आईचा फोन. सोलापूरहून.

"काय करायलास? इथं आज पाचवा दिवस, नळाला टिपूस नाही."

सोलापूरला पाणी उजनीचंच. लहानपणी पाणी यायच्या दिवशी आम्हाला खेळायला जायची बंदी असायची. पिंपं, कळशा, शेवटी वाट्यासुद्धा भरायच्या. आता मी पुण्यात चोवीस तास नळ असलेल्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि तिथून जे वाहून जातं ते मुळा-मुठेतून भीमेत, म्हणजे शेवटी इथेच येतं. होडीखालचं पाणी हिरवंगार होतं.

"उजनीवर आलोय," मी म्हटलं.

"होय? मग किती आहे रे पाणी?"

समोर पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "रोहितच्या गुडघ्याएवढं."

"रोहित कोण? उंच आहे का?"