कोरडे बोअरही मोजा

मोताळा तालुक्यातले आमचे रान कोरडवाहू कपाशीचे. बोअरला दीड लाख हवे होते. मुलांची आई पाटल्या मोडायला तयार झाली. थोरलीने एक्सेलमध्ये रकाने आखले अन् विचारले, "बाबा, शिवारातल्या १० बोअरपैकी चालतात किती?" हिंडून मोजले, तर ४.

ती म्हणाली, "१० जणांचे १५ लाख जातात. पाणी लागलेल्याला ५ वर्षांत अडीच लाख जादा मिळाले, तरी चौघांचे १० लाखच!" आकडा बदलून पाहिला, ६ चालले असते, तेव्हा कुठे बरोबरी होती.

पाटल्या हातातच राहिल्या.

चालता बोअर सगळ्यांना दिसतो. कोरड्यावर दगड ठेवलेला असतो. तुम्हीही यंत्र बोलावण्याआधी ते दगड मोजा.