काचेखालचे हिरवे शेत

गेल्या सुट्टीत आम्ही सायप्रसला गेलो. लार्नाकाच्या खाऱ्या तळ्याकाठी हजरत उम्मे हराम (रजि.) यांची मजार आहे. समुद्री मोहिमेत आपणही असावे, अशी दुआ त्यांनी प्रेषितांकडे (स.) मागितली होती. इ.स. 649 च्या सुमारास त्या जहाजाने इथे आल्या आणि खेचरावरून पडून त्यांचा इंतकाल झाला.

दुसऱ्या दिवशी केप ग्रेकोच्या किनाऱ्यालगत, काचेच्या तळाच्या बोटीत चढताना माझे पाय लटपटले. मला पोहता येत नाही. मुलगी म्हणाली, "अम्मी, काल मजारीवर काय सांगितलंस?" मुकाट्याने बसले.

काचेखाली भातशेतासारखी हिरवी पाती डोलत होती. हे शेवाळ नव्हे, पोसिडोनिया. मुळे-फुले असलेली वनस्पती. माशांची पिले तिच्या आडोशाने वाढतात. बोटींच्या नांगराने उपटली, तर भरून यायला कित्येक दशके लागतात. बघता बघता भीती कधी गेली, कळलेच नाही.