अण्णांची गाडी नवी होते

रात्री साडेदहानंतर आमच्या घरातला टेलिव्हिजन माझ्या ताब्यात येतो. मालिका संपतात, सौभाग्यवती निजायला जातात आणि मग मी व माझे चिरंजीव आवाज बारीक करून मोटारींचे कार्यक्रम पाहात बसतो. मराठीच्या प्राध्यापकाला हा छंद शोभत नाही, असे माझे सहकारी म्हणतात. त्यांचे खरे आहे. पण शोभणारे छंद जडावेत असे कुठे आपल्या हाती असते?

या कार्यक्रमांपैकी ‘ओव्हरहॉलिन’ नावाचा एक अमेरिकन कार्यक्रम आमच्या विशेष आवडीचा. 2004 साली तो सुरू झाला. चिप फूस नावाचा एक नाणावलेला मोटार-रचनाकार त्यात असतो. कार्यक्रमाची रीत मोठी गमतीची. एखाद्याची जुनी, खंगलेली मोटार त्याच्या नकळत पळवून न्यायची. घरचेच कोणीतरी फितूर असते. मालक बिचारा गाडी चोरीला गेली म्हणून वणवण करतो, खोटे पोलीस त्याला आणखी छळतात, आणि इकडे कारागीर रात्रीचा दिवस करून आठवड्याभरात ती गाडी नवी कोरी करतात. शेवटी पडदा सरतो, मालक डोळे विस्फारतो, गदगदतो, कॅमेरा त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याजवळ जातो. इंग्रजांचा ‘कार एसओएस’ त्याहून हळवा. त्यात टिम शॉ आणि फझ टाउनशेंड हे दोघे अडचणीत सापडलेल्या, आजारी माणसांच्या गाड्या अशाच गुपचूप दुरुस्त करून देतात. तो पाहताना मी चष्मा पुसतो आणि चिरंजीव न पाहिल्यासारखे करतात.

तर असेच एकदा चष्मा पुसताना मला अण्णांची गाडी आठवली.

आमचे वडील, अण्णा, नांदूरघाटला डॉक्टर. वय 78. मी नोकरीनिमित्त बीडला आलो, धाकटी बहीण पुण्याला गेली. अण्णांनी गाव सोडले नाही. त्यांची गाडी म्हणजे पांढरी प्रीमियर पद्मिनी. 1985 साली लातूरच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातले हे अपत्य. मूळ इटलीचे फियाटचे. आपल्याकडे पुढे त्याचे बारसे करून ‘पद्मिनी’ असे नाव ठेवले. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढच्या खिडकीला वारा खेळवणारी तिकोनी काच, आणि थंडीत चोक ओढून मिनतवारी केल्याशिवाय चालू व्हायचे नाही हा बाणा. ज्या मुंबईत या गाड्यांच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या मुंग्यांसारख्या फिरत, तिथली शेवटची टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये वयाची वीस वर्षे भरली म्हणून रस्त्यावरून उतरली. अण्णांची गाडी मात्र दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेत उभी होती. उभी होती म्हणजे अक्षरशः उभी; गेली तीन वर्षे ती लिंबाखालून हललेली नव्हती. तिच्या टपावर कोंबड्या बसत.

बहिणीला फोन केला. ती तत्काळ फितूर झाली. अण्णांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन बरेच दिवस लांबणीवर पडले होते. ते पुण्यात करायचे आणि त्यांना दोन महिने तिथेच अडकवून ठेवायचे, असे ठरले. अण्णा एस.टी.त बसले त्याच दुपारी मी गाडी ट्रकवर चढवून बीडला आणली.

मिस्त्री गाडीभोवती दोनदा फिरला, बोटाने पत्रा टोचून पाहिला. बोट आत गेले. “सर, इंजन सोना है. पत्रा मिट्टी है,” तो म्हणाला. टेलिव्हिजनवर जे सात दिवसांत होते त्याला बीडला नऊ आठवडे लागले. खालचा पत्रा चाळणीसारखा झाला होता, तो कापून नवा जोडला. कार्बोरेटर उघडला तेव्हा त्यातून मुंग्यांची वारूळमाती निघाली. तिकोनी काच मुंबईच्या जुन्या बाजारातून आली. सीटवर नवे रेक्झिन चढले. रंग भाच्याने निवडला : लालभडक. मी मिस्त्रीला एकच सांगितले होते, “आतून-बाहेरून सगळा जुना रंग खरवडून काढा. कुठे डाग राहता कामा नये.” हे वाक्य माझेच. ते मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

धनत्रयोदशीला बहीण अण्णांना घेऊन आली. वाड्यापुढे मी गाडी उभी केली होती, वर चादर. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस. रस्त्यावर बोजे बांधलेले ट्रॅक्टर उभे, आणि काय तमाशा आहे म्हणून बरीच मंडळी जमलेली. भाचा मोबाइल रोखून सज्ज. मी चादर ओढली.

अण्णांनी ऑपरेशननंतरचा काळा चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“भिंग चुकीचं बसवलं का काय त्यांनी? मला लाल दिसायलंय.”

सगळे हसले. भाचा म्हणाला, “आजोबा, इकडे बघा ना!” अण्णांनी आज्ञाधारकपणे इकडे पाहिले. मग त्यांनी गाडीला एक फेरा घातला, मागे गेले, डिकी उघडली आणि झाकणाच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला. एकदा. दोनदा. डिकी हळूच लावली.

“छान झाली. लई खर्च केला असशील.”

गर्दीतली एक म्हातारी पुढे आली. “डॉक्टर, तुमची पांढरी गाडी इकली का वो?”

“नाही, मावशी. हीच ती.”

म्हातारीचा विश्वास बसला नाही. ती मान हलवत ट्रॅक्टरकडे गेली.

मला आठवले ते त्या क्षणी नव्हे, तर रात्री जेवताना, पानात करंजी पडल्यावर. डिकीच्या झाकणामागे रेघा होत्या! खिळ्याने ओढलेल्या, एकीशेजारी एक. लहानपणी मी त्या मोजल्याही होत्या. 43 भरल्या होत्या. मला वाटे, अण्णा क्रिकेटच्या धावा मांडतात.

“अण्णा, त्या रेघा…”

“अडलेल्या बाया,” अण्णा करंजी मोडत म्हणाले. “इथं जमेना म्हणून रातीबेराती अंबाजोगाईला नेलेल्या. घरी परत आली की उभी रेघ. नाही आली की आडवी.”

“आडव्या किती होत्या?” बहिणीने विचारले.

“सहा.” ते थांबले. “उभी एक तुझ्या आईचीबी होती. 1987 सालची. तू काही दवाखान्यापर्यंत थांबली नाहीस. मागच्या सीटवरच झालीस.”

ती रात्र मला आठवते. मला गोधडीसकट शेजाऱ्यांकडे नेऊन टाकले होते. बहीण ताटावरून उठली. थोड्या वेळाने पाहतो, तर डिकी उघडून कंदिलाच्या उजेडात हातात किल्ली घेऊन उभी. अण्णा मागोमाग गेले. त्यांनी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली.

“नको. नव्या रंगाला ओरखडा पडंल.”

“अण्णा, पण निदान माझी एक…”

“तू हायेस की,” अण्णा म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकून झोपायला गेले.

भाच्याने काढलेली चित्रफीत चांगली आली आहे. त्यात हसू आहे, टाळ्या आहेत. डिकीचा भाग त्याने कापून टाकला, कारण त्यात ‘काहीच होत नव्हते’.

पाडव्यानंतर कचेऱ्या उघडल्या तेव्हा अण्णांनी बीडला फोन केला. नोंदणीच्या पुस्तकात रंग पांढरा लिहिलेला. तो बदलून घेतला पाहिजे, नाहीतर रस्त्यात कोणीही अडवील. इतकी चोख आठवण मला गाडी रंगवताना कशी झाली नाही कोण जाणे! ते स्वतः गाडी चालवत आले. परिवहन कार्यालयाच्या खिडकीशी दोघे उभे राहिलो. कारकुनाने एकदा कागद पाहिला, एकदा बाहेरची गाडी पाहिली.

“चाळीस वर्षं पांढरी होती. आता कशामुळं बदलला रंग?”

“लेकरांची हौस,” अण्णा म्हणाले, आणि सही कुठे करायची ते विचारले.