भैरप्पा वाचल्यानंतर

गेले तीन वीकांत एकच पुस्तक चाललं होतं. एस. एल. भैरप्पांचं आत्मचरित्र. मूळ कानडी नाव 'भित्ती', १९९६ सालचं. मराठीत उमा कुलकर्णींनी आणलं ते 'माझं नाव भैरप्पा' म्हणून. २४ सप्टेंबर २०२५ ला भैरप्पा बेंगळुरूत गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, तेव्हा घरात हे पुस्तक आहे याची आठवण झाली. बाबांनी कधीतरी प्रदर्शनातून आणलेलं, कव्हर घालून ठेवलेलं आणि कुणीच न वाचलेलं. आपल्याकडे लेखक गेला की त्याची पुस्तकं कपाटातून बाहेर येतात, त्यातलाच हा प्रकार.

ज्यांनी भैरप्पा वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 'वंशवृक्ष', 'पर्व', 'तंतू', 'मंद्र', 'सार्थ', 'आवरण' अशा तगड्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस. कानडीत जेवढा वाचक, जवळजवळ तेवढ्याच हक्काने मराठी वाचकानेही त्यांना आपला मानलं. याचं बरंच श्रेय उमाताई आणि विरूपाक्ष कुलकर्णींचं. विरूपाक्ष कानडी वाचून दाखवायचे आणि उमाताई ते मराठीत उतरवायच्या. आमच्या पिढीत 'पर्व' वाचलेला माणूस भेटला की पहिला अर्धा तास तरी कर्ण आणि कुंतीवर जातो. चमत्कार काढून टाकलेलं महाभारत, असं एका वाक्यात सांगता येईल, पण तसं सांगू नये. वाचावं.

तर आत्मचरित्र. हासन जिल्ह्यातलं संतेशिवर नावाचं छोटं गाव, १९३१ चा जन्म. लहानपणीच प्लेगमध्ये भावंडं गेली, आई गेली. वडील असून नसल्यासारखे. लहान भावाचं प्रेत खांद्यावर घेऊन या पोराने स्वतः मसणात नेलं. मग शिक्षणासाठी मिळेल ते काम, दारोदार जेवण. हायस्कूल मध्येच सोडून वर्षभर भटकंती, त्यात मुंबईला रेल्वे स्टेशनवर हमाली, तिथेच साधूंचा जथा भेटला तर काही महिने त्यांच्याबरोबर. परत म्हैसूर, पुन्हा शाळा. पुढे तत्त्वज्ञानात एम.ए. सुवर्णपदकासह, बडोद्याहून सत्य आणि सौंदर्य या विषयावर पीएच.डी., हुबळी, गुजरात, दिल्ली आणि शेवटी म्हैसूर अशा प्राध्यापकीच्या नोकऱ्या.

बायोडेटा म्हणून लिहिलं तर पाच ओळीत बसतं. पुस्तकात ते कित्येक पानं पुरतं आणि त्यातली सुरुवातीची पानं मी ऑफिसच्या बसमध्ये वाचू शकलो नाही. बंद करून खिडकीबाहेर बघत बसलो. रडू वगैरे आलं नाही. पण एक विचित्र लाज वाटायला लागली. बस एसी, कानात हेडफोन, आणि माझी त्या आठवड्यातली सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे अप्रेझलमध्ये मिळालेलं रेटिंग.

ही लाज फार उपयोगाची नसते असं माझं मत आहे. दोन दिवस टिकते. त्या दोन दिवसात माणूस ताटात काही टाकत नाही, लाईट बंद करून खोलीतून बाहेर पडतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रेटिंगवर चिडतो. माझंही तेच झालं.

याहून धोकादायक परिणाम म्हणजे स्फूर्ती. माझ्या एका मित्राला मी हे पुस्तक अर्धं सांगितलं. त्याने पुढचं स्वतः वाचलं आणि जाहीर केलं की तोही आता एक वर्ष 'ब्रेक' घेणार, भैरप्पांसारखा भटकणार. हिमाचलपासून सुरुवात. सहा महिन्यांचा पगार शिल्लक आहे, बॅगपॅक ऑर्डर केलीये. अरे बाबा, तो पोरगा भटकत होता कारण मागे घर नावाची गोष्टच शिल्लक नव्हती! त्याच्या हमालीला वर्क-लाईफ बॅलन्सशी काही देणंघेणं नव्हतं. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू निगेटिव्ह आहेस." असेन.

स्फूर्तीबद्दल अजून एक खटकतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते बघून तिथे चिलखत लावायचं ठरत होतं. अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञाने उलटं सांगितलं: जिथे भोकं नाहीत तिथे लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलेलीच नाहीत. आत्मचरित्र हे परत आलेलं विमान असतं. संतेशिवरच्या त्या घरातून एक जण परत आला. त्याची हुशार भावंडं, त्याची आई, यांनी काही लिहिलं नाही. गरिबीमुळे माणूस घडतो असं या पुस्तकावरून कुणी मला सांगायला लागलं की मला ती लहान भावाची गोष्ट आठवते. गरिबीने त्यालाही घडवायला हवं होतं की.

आणि भैरप्पा स्वतः हे जाणून होते, असं मला वाटतं. कारण त्यांनी आईला परत आणलं, पण कादंबरीत. 'गृहभंग' १९७० ची, म्हणजे आत्मचरित्राच्या आधी पंचवीसेक वर्षं. त्यातली नंजम्मा मी आधी वाचली होती. नवरा कुचकामी, सासू तोंडाची फाटकी, गावाचं दप्तर नवऱ्याच्या नावावर आणि हिशेब लिहिणार ही. पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावून विकणार. मोठी मुलगी आणि मुलगा प्लेगने जवळजवळ एकदमच जातात. आणि थोडं सावरतंय म्हणेपर्यंत ती स्वतः. ती कादंबरी वाचताना एक सोय होती, की हे सगळं लेखकाने रचलंय असं मनाला सांगता येत होतं. इतकं कुणावर एकदम येत नाही, लेखक जरा जास्तच करतोय, वगैरे. आत्मचरित्र वाचलं आणि ती सोय गेली. उलट असं लक्षात आलं की कादंबरीत त्यांनी हात राखून लिहिलंय.

इथे एक मोह होतो तो सांगतो. आत्मचरित्र वाचून झालं की वाचक जोड्या लावत बसतो. हे पात्र म्हणजे अमका मामा, ती म्हणजे तमकी आत्या. मीही एक संध्याकाळ हेच केलं, कागदावर चक्क दोन रकाने पाडून. मग कंटाळा आला. जुळत होतं तेवढं पटकन जुळलं आणि जे जुळलं नाही तेच जास्त चांगलं होतं. 'भित्ती' या नावाचा अर्थही तोच असावा. भित्ती म्हणजे भिंत, भित्तिचित्रातली. चित्र ज्याच्यावर काढतात तो पृष्ठभाग. चित्र म्हणजे भिंत नव्हे. आपल्या आनंद यादवांच्या आत्मचरित्रातल्या एका खंडाचं नाव 'घरभिंती' आहे, हा योगायोग मला फार आवडला. तिथेही कागलच्या रानात शाळेसाठी बापाशी झगडणारा पोरगा आहेच.

आता आमच्या घरात काय झालं ते. हा भाग लिहू की नको असा विचार करत होतो, पण आजोबांना विचारलं तर म्हणाले, "लिही की, आता कोण विचारतंय."

आजोबा अठ्ठ्याऐंशीचे. भिंग घेऊन रोज पाच-सात पानं वाचतात. माझं वाचून झाल्यावर पुस्तक त्यांच्याकडे गेलं. चार दिवस वाचत होते, पाचव्या दिवशी पुस्तक उपडं ठेवून बसलेले. आई म्हणाली, डोळे दुखतात का? तर म्हणाले, "नाही, माझेपण वार होते."

आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. बाबांनाही नाही. आजोबा सांगलीला शिकायला होते, खोली नात्यातल्या एकांकडे होती, एवढंच आम्हाला ठाऊक. १९५० च्या सुमाराची गोष्ट, म्हणजे ते तेरा वर्षांचे. वार लावून जेवणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गरीब विद्यार्थ्याने सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असं आठवड्याचं जेवण वाटून घ्यायचं. वाचताना मला ते सात घरांचं प्रेमळ काहीतरी वाटलं होतं. आजोबा म्हणाले, "सात कुठले, माझे पाचच वार होते." मग उरलेले दोन दिवस? एक दिवस खोलीवर भात शिजवायचा, तांदूळ असले तर. आणि शनिवारी लवकर झोपायचं.

पण त्यांना भूक फारशी आठवत नव्हती. आठवत होती ती वेळ. लवकर गेलं तर घरातली माणसं जेवायची असायची, मग पडवीत बसून राहायचं आणि आतल्या वाढपाचे आवाज ऐकायचे. उशिरा गेलं तर "आता आलास होय" ऐकायचं. घड्याळ नव्हतंच. आणि दुसरं म्हणजे मागायचं नाही. वाढतील तेवढं. भात आला नाही तर भात नाही असं समजून उठायचं.

हे ऐकल्यावर आई एकदम गप्प झाली. कारण आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण हेच. आजोबा कधीच काही मागून घेत नाहीत. पोळी संपली तर रिकाम्या ताटावर बसून राहतील, आणि कुणाचं लक्ष गेलं नाही तर हात धुवून उठतील. आजी यावरून चिडायची. "मागून खायला जीभ झडते का? मला काय कळणार तुमच्या पोटातलं?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. तिला तो तिच्या स्वयंपाकाचा अपमान वाटायचा. १९६२ ला लग्न झालं, २०१६ ला आजी गेली. चोपन्न वर्षं ती हेच म्हणत होती.

मी विचारलं, "आजोबा, आजीला सांगितलं नव्हतंत?"

"तिला सांगून काय करायचं होतं? ती प्रत्येक वेळी बघत बसली असती मग."

यावर काय बोलणार. बाबा उठून गॅलरीत गेले.

तर आत्मचरित्राचा परिणाम म्हणून जे काही म्हणतात, त्यातला मला कळलेला हा. मी वाचलं तेव्हा मला भैरप्पा दिसले, थोर माणूस, साहित्य अकादमी, सरस्वती सन्मान, पद्मभूषण. आजोबांना भैरप्पा दिसलेच नसावेत फारसे. त्यांनी 'पर्व' वाचलेलं नाही, 'मंद्र' म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांना पडवी दिसली. दुसऱ्या कुणीतरी आधी सांगून ठेवलंय, छापून ठेवलंय, म्हटल्यावर त्यांना ते सांगता आलं, इतकंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्या घरी बुधवारचा वार होता तिथल्या काकूंचं वर्णन केलं. त्या ताट वाढून बाजूला बसायच्या आणि शाळेतलं विचारायच्या. "त्यांच्याकडे मी मागितलं असतं तर चाललं असतं," म्हणाले. मागितलं मात्र नाही.

आता एक वेगळा मुद्दा, जो मला अजून नीट सुटलेला नाही. भैरप्पांची सगळी मतं मला पटत नाहीत. 'आवरण' २००७ मध्ये आली, प्रकाशनाआधीच पहिली आवृत्ती संपली आणि जोरदार वाद झाला. अनंतमूर्तींनी जाहीर टीका केली. मी कॉलेजात ती कादंबरी वाचली तेव्हा मला ती कादंबरीपेक्षा वकिलाचा युक्तिवाद जास्त वाटली होती. बऱ्याच ठिकाणी बायकांबद्दल ते ज्या पद्धतीने लिहितात त्यावरही मी मैत्रिणींशी भांडलो आहे (त्यांच्या बाजूने). आत्मचरित्र वाचल्यावर परवा 'आवरण' पुन्हा चाळली आणि जाणवलं की मी सौम्य झालोय. ज्या वाक्यावर आधी पेन्सिलने फुली मारली होती तिथे आता "बरं, त्यांचं म्हणणं काय आहे बघू" असं होतंय. हे बरोबर आहे का? भावाला खांद्यावर नेलेल्या मुलाला इतक्या वर्षांनी इतिहासाबद्दल बोलताना जास्त गुण द्यायचे का? तर्काने उत्तर नाही असंच येतं. दुःख हा पुरावा होत नाही. पण वाचताना ते गुण आपोआप दिले जातात, हे मात्र खरं. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला वाचकाकडून मिळणारी ही उधारी आहे, आणि चांगलं लिहिलं असेल तर वाचक व्याजही मागत नाही. मी फुली खोडलेली नाही. दुसरी मारलीही नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्याबद्दल मनापासून पटली. आई, भाऊ, बहीण गेल्यावर माणूस देवाकडे वळतो किंवा देवावर चिडतो. हा पोरगा मरण म्हणजे काय हे विचारत विचारत तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसला. नोकरी लागेल का, स्कोप काय, हे न विचारता. आमच्याकडे ब्रँच निवडताना मी प्लेसमेंटचा तक्ता बघितला होता.

सोमवारी ऑफिसात आमच्या टीममधल्या एका कानडी मुलाला विचारलं, वार लावून जेवण्याला तुमच्यात काय म्हणतात? त्याला पटकन कळेना, मग त्याने आईला फोन लावला. "वारान्न," ती म्हणाली. आणि मग पंधरा मिनिटं बोलत होती, तिच्या वडिलांबद्दल. मीटिंग सुरू झाली म्हणून त्याने फोन ठेवला.

आजोबा आता भैरप्पांच्या हुबळीपर्यंत पोचलेत. मी 'मंद्र' घेतलंय.