वाढणारी झडप

महाधमनीचं मूळ लहान मुलात जेमतेम करंगळीच्या पेराएवढं. तेवढ्यात झडप, तिच्या मागचे तीन फुगवटे, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही कोरोनरी धमन्यांची तोंडं आणि शेजारून जाणारा, डोळ्यांना न दिसणारा ठोक्याचा विद्युतमार्ग. ही झडप जन्मतःच सदोष असली, फुग्यानं रुंद करूनही भागलं नाही, की मी रॉस शस्त्रक्रियेचा विचार करतो. 1967 मध्ये लंडनला डोनाल्ड रॉस यांनी रुग्णाचीच फुप्फुसधमनीची झडप काढून महाधमनीच्या जागी बसवली. रिकाम्या जागी मृत दात्याची झडप, म्हणजे होमोग्राफ्ट.

दुखणं एका झडपेचं आणि हात दोन झडपांना, हा आक्षेप जुना आहे आणि खोटा नाही. होमोग्राफ्ट मुलाबरोबर वाढत नाही, पुढे बदलावा लागतो. काहींचं नवं मूळ पसरतं, गळू लागतं. तरी माझा कल तिकडेच. धातूची झडप बसवली की रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी जन्माची चिकटली. आडगावच्या घरानं आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी, वरचेवर किती खेपा घालायच्या? मुलगी असेल तर पुढे गरोदरपणात तीच गोळी गर्भाला घातक. शिवाय धातू आहे तेवढाच राहतो, मूल वाढतं.

खरी कसोटी फुप्फुसधमनीचं मूळ सोडवताना. त्याच्या मागे डाव्या कोरोनरीची पहिली सेप्टल शाखा स्नायूत बुडालेली असते. ती कापली गेली तर हृदयाच्या पडद्याचा मोठा भाग मरतो. म्हणून पहिला छेद समोरून, झडपेच्या पाकळ्यांखाली तीन-चार मिलिमीटर स्नायू राखून. मग आतून पाकळ्या बघत बघत मागे जायचं, तिथं कात्री उथळ आणि तिरकी. इथं मी कुणाला घाई करू देत नाही.

कोरोनरींची तोंडं भोवतालच्या भिंतीसकट बटणासारखी कापून नव्या मुळाला शिवतात. रिकाम्या मुळावर नेमकी वाटलेली जागा रक्त भरल्यावर सरकते, कोरोनरीला मुरड पडते. उजव्या कोरोनरीचं बटण कुठे शिवायचं ते म्हणूनच मी मूळ द्रवानं फुगवून, मगच ठरवतो. बहुधा ते वाटलं होतं त्यापेक्षा वर जातं.

आईवडिलांना आधीच सांगतो, ही शेवटची शस्त्रक्रिया नव्हे. पुढची वेळ बहुधा उजव्या बाजूच्या, होमोग्राफ्टच्या जागच्या झडपेची येईल, आणि ती आता पुष्कळदा मांडीच्या शिरेतून, छाती न उघडता बसवता येते.